उरलेलं कुणाच्या नावावर आहे?

आमच्याकडे खान्देशात कुणाचा तरणाताठा नवरा गेला की दारावर येणारी बाई आधी गळ्यात पडून रडते, मग पदराने डोळे पुसते, थोडा वेळ गप बसते आणि उठता उठता एकच वाक्य बोलते, "आते पोरेसकडे देख, माय." अमळनेर-धुळ्याकडे ते अहिराणीत असतं, यावल-रावेरला लेवा बोलीत, जळगावातल्या फ्लॅटमध्ये शुद्ध मराठीत, पण वाक्य तेच. गेलेला काही येत नाही, जे उरलंय त्याच्याकडे बघ. मला हे वाक्य आवडतं, खरंच आवडतं, कारण त्यात देवाची मर्जी नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही, उद्या सकाळी उठून पोरांचा डबा करायचाय एवढंच आहे. माझी तक्रार पुढची आहे. हे वाक्य बोलणारी आम्ही सगळी मंडळी, त्यात बाया आल्या, भाऊबंद आले, पुढारी पण आले, तेराव्यानंतर आपापल्या घरी निघून जातो आणि जे उरलंय असं तिला सांगितलं ते तिचं आहे का हे बघायला कुणीच थांबत नाही. दोन एकर कोरडवाहू, पत्र्याचं घर, सोसायटीतला शेअर, एक म्हैस. उरलंय बरोबर, पण कुणाचं उरलंय?

माझं तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे माणूस गेल्यानंतर घरात जे रडणं होतं ते मला दिसत नाही, त्याच्या नंतरचं दिसतं, म्हणजे मृत्यूचा दाखला, आधार, सातबारा, आठ-अ, वंशावळीचं शपथपत्र आणि हे सगळं एका पिशवीत घेऊन आलेली बाई आणि तिच्यासोबत एक दीर किंवा पुतण्या, जो तिच्या वतीने सगळं बोलतो. इथे बसून मी जे बघतो त्यावरून माझं मत असं झालंय की दुःखात अर्थ शोधा, उरलेल्याची किंमत ओळखा असा उपदेश करण्याचा हक्क ज्याला पाहिजे त्याने आधी त्या उरलेल्याची नोंद करून द्यावी. नोंद नाही तर उपदेश पण नाही.

आता हे जरा कडक वाटेल, म्हणून सांगतो मला हा उपदेश का खुपतो ते. हल्ली मोबाईलवर दुःखाचं मार्केटच झालंय. सकाळी सकाळी फॉरवर्ड येतो, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं, प्रत्येक नुकसान तुम्हाला काहीतरी शिकवून जातं, खाली सूर्योदयाचा फोटो. एखाद्या मोटिवेशनल स्पीकरची रील येते, दुःखाच्या पाच पायऱ्या, आधी नकार, मग राग, मग घासाघीस, मग नैराश्य, मग स्वीकार, आणि अलीकडे सहावी पण लावलीय, अर्थ सापडणे. म्हणजे जिना चढून गेलं की वर गच्ची. या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली मांडल्या, पण त्या ज्यांच्याशी बोलल्या होत्या ते लोक स्वतः मरणाच्या दारात असलेले पेशंट होते, माणूस गमावून मागे राहिलेले नव्हते. ते बाजूला पडलं आणि पायऱ्या तेवढ्या राहिल्या, आणि आता नवरा गेलेल्या बाईला आठव्या महिन्यात कुणीतरी शिकलेला भाचा सांगतो की मामी तू अजून दुसऱ्या पायरीवरच आहे.

अर्थ सापडला नाही तर माणूस सावरतच नाही हे तरी खरं आहे का? अमेरिकेत याच्यावर काम झालंय. एकीकडे ज्यांचं तान्हं बाळ झोपेत अचानक दगावलं असे आईबाप आणि दुसरीकडे ज्यांचा जोडीदार किंवा मूल गाडीच्या अपघातात गेलं असे लोक, अशा दोन्हींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात असं आलं की बऱ्याच जणांनी असं का झालं याचा अर्थ शोधलाच नव्हता आणि तरी ते बऱ्यापैकी सावरले होते. जास्त हाल कुणाचे होते, तर जे अर्थ शोधत राहिले आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे. म्हणजे ज्याला सापडला त्याला सापडला, चांगलंच आहे, पण जो शोधत नाहीये त्याला शोधायला लावू नका, तुम्ही त्याचं बरं करायला जाता आणि उलटं होऊन बसतं. आमच्या अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे बसून दुःखाच्या अर्थावर वर्षभर वाद घातला तर माझी काही हरकत नाही, ती जागाच त्यासाठी आहे. मयताचं दार त्यासाठी नाही.

काही मरणांना अर्थ असतो हे मी नाकारत नाही. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची पोरं गोळीबारात गेली, शाळकरी वयाची पोरं, हातात झेंडा होता, खाली ठेव म्हटलं तर ठेवला नाही. तिथे अर्थ आधी होता आणि तो त्या पोरांनी स्वतः निवडला होता, म्हणून चौकातल्या स्मारकासमोर आपण मान खाली घालतो ते बरोबरच आहे. पण कापूस वेचताना वीज पडून गेलेला माणूस, रात्रीची लाइट म्हणून बारा वाजता मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागला तो माणूस, हायवेला कट मारून डंपर गेला त्याखालचा पोरगा, यांनी काय निवडलं होतं? यांच्या मरणाला कारण आहे. शेतीला रात्रीची लाइट कुणी ठेवली, तार लोंबकळत होती ती कुणी ओढली नाही, हे विचारता येतं. अर्थ अर्थ करत बसलं की कारण विचारायचं राहून जातं, आणि काही लोकांना तेच पाहिजे असतं.

सरदार सरोवराचं बघा ना. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली नर्मदेकाठची आपली ३३ गावं त्या धरणात गेली, मणिबेली सगळ्यात आधी, १९९३ पासून पाणी शिरायला लागलं. त्या लोकांना सांगितलं गेलं की हा देशासाठी त्याग आहे. आता त्याग कोण करतो, तर ज्याच्या हातात नाही म्हणायचं असतं तो. यांच्या नुकसानीचा अर्थ दुसऱ्यांनी ठरवला आणि यांना नुसता ऐकवला. आणि पुढे गंमत काय, म्हणजे गंमत कसली, जेव्हा जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची वेळ आली तेव्हा प्रश्न आला कागदाचा. जंगलची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा पावरा-भिल्ल माणूस, त्याच्या नावावर सातबारा कुठला? मग तो भूमिहीन. घोषित आणि अघोषित प्रकल्पग्रस्त अशी वर्गवारी पडली आणि कोण किती वर्षं ताटकळलं ते त्या शब्दावर ठरलं. नदी गेली, मासे गेले, काठावरची गाळाची शेती गेली, सातपुड्याचा उतार सोडून तळोद्याच्या बाजूला सपाटीवर कॉलनीत यावं लागलं, हे सगळं नुकसान खरंच होतं, पण कागदावर जेवढं होतं तेवढंच मोजलं गेलं. त्याच लोकांनी लढता लढता काठावर जीवनशाळा काढल्या आणि तिथे पोरं शिकली. तो अर्थ त्यांचा त्यांनी केला आणि त्याचं श्रेय धरणाला द्यायचं काही कारण नाही.

दुःखातून कसं सोनं होतं याचं उदाहरण द्यायचं झालं की आमच्याकडे प्रत्येक वक्ता बहिणाबाईंवर येतो. असोद्याची लेक, जळगावची सून, तिशीत वैधव्य आलं, तीन लेकरं, आणि त्यातून ओव्या. भाषण इथे संपतं आणि टाळ्या. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ऐकून ऐकून जे वहीत उतरवून घेतलं तेवढंच राहिलं, ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, मग ती वही अत्र्यांच्या हातात पडली आणि १९५२ ला पुस्तक आलं. शेतात-चुलीवर जे गायलं आणि कुणी उतरवलं नाही ते हवेत गेलं. त्याच काळात त्याच असोद्या-भादलीच्या शिवारात किती विधवा बाया जात्यावर गायल्या असतील, त्यांना पण दुःखच होतं, कमी नव्हतं, त्यांचं काय उरलं? तेव्हा दुःखाने कविता झाली असं म्हणण्याआधी वही होती, पेन होतं आणि ऐकणारा माणूस होता हे म्हणायला पाहिजे. ऐकणाऱ्याने लिहून घेतलं म्हणून आपल्याकडे आज काहीतरी आहे. नोंदीचं महत्त्व मी जे म्हणतोय ते फक्त तलाठ्याच्या दप्तरापुरतं म्हणत नाहीये.

बरं, केळीवाल्या भागात समजावायची वेगळी तऱ्हा आहे. मे-जूनमध्ये रावेर-यावलला वादळ येतं, अर्ध्या तासात घडावर आलेली बाग आडवी होते, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर येऊन कुणीतरी म्हातारा म्हणतो, खोड पडलं तरी खालून पील (नवा कोंब) येतं रे भो, पिलबाग धर, माणसाचं पण तसंच असतं. ऐकायला फार छान. पण ज्याने केळी लावलीय त्याला विचारा पील आपोआप वाढतं का. पडलेली खोडं बाहेर काढायला मजुरी लागते, ठिबकच्या नळ्या फाटलेल्या असतात त्या बदलाव्या लागतात, जास्तीची पिलं कापून एक राखावं लागतं, खत लागतं, पाणी लागतं, आणि पिलबागेचा भाव नव्या लावणीच्या नवतीपेक्षा कमी असतो तो वेगळाच. फळपीक विम्यात वाऱ्याने आणि गारपिटीने झालेलं नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, उशीर झाला तर तुम्ही आणि तुमचं पील. आणि विमा कुणाच्या नावावर निघाला होता, तर ज्याच्या नावावर जमीन किंवा भाडेपट्टा. म्हणजे म्हाताऱ्याने दिलेला दाखला पण फिरून फिरून कागदावरच येतो. मला वाटतं बाग पडल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला पिलाचं तत्त्वज्ञान सांगण्यापेक्षा कुणीतरी त्याचा मोबाईल हातात घेऊन ती तक्रार नोंदवून द्यावी, ती जास्त माणुसकी आहे.

आता मूळ मुद्दा, सातबारा.

नवरा गेला. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे १९५६ पासून बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. कायद्यात काही अडचणच नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठीआप्पाला कळवायचं (आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी लिहिलंय, आम्ही आप्पाच म्हणतो), आप्पा नोटीस काढतो, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे उताऱ्यावरचा नावाचा बदल, मंजूर करतो. आता तर सरकारच्या ई-हक्क पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो. मग अडतं कुठे? एक तर कितीतरी जुन्या उताऱ्यांवर ए.कु.मॅ. म्हणून थोरल्या भावाचं नाव असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर, बाकीच्या भावांची नावंच नाहीत, आजोबा गेले तेव्हा थोरल्याच्या नावावर चढलं आणि राहिलं ते राहिलं. धाकटा भाऊ आयुष्यभर त्या जमिनीत राबतो, तो मेला की कळतं कागदावर तो कधी नव्हताच. मग त्याच्या बायकोने वारस म्हणून कुठल्या नावाखाली लागायचं? दुसरं म्हणजे बायांची नावं लागली तरी कब्जेदाराच्या, म्हणजे मालकाच्या, ओळीत न लागता इतर हक्कात टाकलेली असतात. बाईला वाटतं नाव आहे, कर्ज काढायला गेल्यावर कळतं कुठे आहे.

आणि याची किंमत रोख मोजावी लागते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी अपघाताने, सर्पदंशाने, वीज पडून गेला तर दोन लाख मिळतात, खातेदार स्वतः किंवा त्याच्या घरातला एक माणूस त्यात येतो, म्हणजे आई-वडील, नवरा-बायको, मुलगा, लग्न न झालेली मुलगी. भाऊ त्यात नाही. म्हणजे खातेदार थोरला भाऊ आणि साप चावला धाकट्याला, तर धाकट्याची बायको फॉर्म घेऊन माझ्याकडे येते आणि मी तिला काय सांगू? आत्महत्या झाली तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून, आणि ते पण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने प्रकरण पात्र धरलं तर. पात्र व्हायला घरात जमीन पाहिजे, कर्ज पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. जमीन भावाच्या नावावर आणि कर्ज सोनाराकडून किंवा सावकाराकडून तोंडी असेल तर फाइलवर अपात्र असा शेरा बसतो. माणूस तर खरोखर मेलेला असतो. निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळवायचे तर घराचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं, म्हणजे महिन्याला साडेसतराशे, एवढ्यात कुणी जगतं का हा प्रश्न दाखला देणारा पण विचारत नाही आणि घेणारा पण नाही, दोघांना माहिती असतं.

सरकारला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. करोनात नवरे गेले तेव्हा ५० हजाराची मदत आली, २०२१ ला मिशन वात्सल्य काढून तालुक्याला समित्या केल्या, काही ठिकाणी अधिकारी खरंच घरी जाऊन कागद गोळा करून आले, मी पाहिलंय. गेल्या वर्षी, २०२५ ला, जिवंत सातबारा मोहीम निघाली, आधी बुलढाण्यात आणि मग १ एप्रिलपासून राज्यभर, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. एवढी मोहीम काढावी लागली म्हणजे किती मेलेली माणसं उताऱ्यावर बसून होती विचार करा. आणि त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला १९८६ ला बायांचं एवढं मोठं अधिवेशन घेतलं आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती निघालं, नवऱ्याने जिवंतपणीच बायकोचं नाव जमिनीला लावायचं, १९९२ ला सरकारनेही तसा आदेश काढला. चांदवड आमच्या खान्देशच्या वेशीवर. माझा अनुभव विचाराल तर तो फॉर्म मागायला पुरुष माणूस क्वचित येतो. दुकानात बसलेले चार जण हसतात म्हणून असेल.

विधवा प्रथेचं पण या हिशोबातच बघतो मी. कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. फार चांगलं झालं, आमच्याकडेही काही गावांनी ठराव घेतले. जी बाई सगळं गमावून बसलीय तिच्या अंगावरचं उरलंसुरलं पण काढून घ्यायचं आणि वरून म्हणायचं उरलेल्याकडे बघ, याच्याइतकं उलटं काही नाही. पण बांगडी राहिली आणि बांध गेला असं व्हायला नको. बांगडीचा ठराव पास करायला पुरुषांना फार त्रास होत नाही, फोटो पण छान येतो. त्याच ग्रामसभेत कुणी उठून म्हणावं की गावातल्या सगळ्या विधवा बायांची नावं कब्जेदारात आहेत का ते वाचून दाखवा, मग बघा किती जण चहाला उठतात.

आता सगळ्यात नाजूक विषय, बहिणी. खान्देशात आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून समजत नाही. एकाच दिवशी घरात पितरांच्या नावाने घागर भरायची, त्या वर्षात माणूस गेलेलं असेल तर ती घागर जड जाते, आमरस-सांजोऱ्यांचा घास आगारीत, म्हणजे निखाऱ्यावर, टाकायचा, आणि त्याच दिवशी दारच्या निंबाला झोका बांधलेला, सासरहून आलेल्या लेकी त्याच्यावर उभ्या राहून गाणी म्हणतायत, गौराई बसलीय. (पुरुष पत्ते कुटत बसलेले असतात, ते जाऊ द्या.) सालदाराचं साल पण त्याच दिवशी बदलतं. मेलेल्यांची आठवण आणि लेकींचं हसणं एका अंगणात ठेवणारा असा सण दुसरीकडे कुठे असेल मला माहिती नाही, आणि दुःखाचं काय करायचं हे कुठल्याही रीलपेक्षा आखाजीला जास्त कळतं असं माझं स्पष्ट मत आहे. पण याच आखाजीच्या नावाने लेकींकडून हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, करून घेतात. बाप गेला की भाऊ म्हणतो, ताई, सही करून दे, माहेर तुला कायमचं आहे. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे भावाला पण माहिती असतं आणि तिला पण. ती सही करते, कारण नाही केली तर आखाजीला न्यायला मुऱ्हाळी येणार नाही, झोका नाही, भाऊबीज नाही. बाप गेल्यावर तिच्याकडे उरलं काय तर माहेरचं ते एक दार, आणि ते उघडं राहावं म्हणून ती शेत सोडते. याला आम्ही बहिणीची माया म्हणतो. काही बहिणी मनापासून सोडतात, त्यांचं चांगलं चाललेलं असतं, भाऊ गरीब असतो, मान्य आहे. पण ज्या सहीच्या मागे माहेर तुटायची भीती आहे तिला माया म्हणू नका. आणि ज्या बहिणीने सोडलं तीच उद्या विधवा होऊन परत आली तर माहेरच्या घरात ती पाहुणी, हे मी तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायांकडून ऐकतो.

म्हणून माझी एक सूचना आहे, हसायचं तर हसा. आपल्याकडे सुतक फिटतं त्या गंधमुक्तीला सगळे एकत्र येतात, भाऊबंद, व्याही, मामा, सासरच्या लेकी, गावचा पोलीस पाटील, सरपंच. घरच्यांना गंध लावतात, टॉवेल-टोपी घालतात, साड्या देतात, संध्याकाळपर्यंत घरात टॉवेलांचा एवढा ढीग होतो की पुढची पाच वर्षं तेच टॉवेल दुसऱ्यांच्या गंधमुक्तीत फिरतात. सगळे वारस एका ठिकाणी, सगळ्यांचे आधार खिशात, साक्षीदार म्हणून अख्खं गाव, असा दिवस परत येत नाही. त्याच दिवशी वारस नोंदीचा अर्ज भरून टाकावा. फक्त नोंद, वाटणी नाही, विक्री नाही. आणि गावाने दुसरी गोष्ट ठरवावी की माणूस गेल्यापासून वर्ष होईपर्यंत त्या घरातल्या कुठल्याही बाईकडून हक्कसोड घ्यायचं नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर, पहिली आखाजी उलटल्यावर, तिला द्यायचं असेल तर देईल. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी २०२२ ला त्यांच्या पुस्तकात लिहिलं की मोठ्या माणसाचं दुःख वर्षभर तरी आजार म्हणून मोजायचं नाही, वर्षानंतरही तसंच राहिलं तर बघायचं. आमच्या म्हाताऱ्यांनी वर्ष पाळायला लावलं त्यात हे होतंच की, वर्षभर त्या घरात मंगलकार्य करत नाहीत, मग खरेदीखतं-सोडपत्रं तरी कशाला करता?

यावर पहिला आक्षेप मला पाठ आहे. गंध वाळला नाही आणि इस्टेटीचं काढलं, लोक काय म्हणतील. लोक म्हणतीलच. पण इस्टेटीचं आज निघत नाही असं कुठे आहे, ते त्याच रात्री मागच्या खोलीत निघतं, फक्त ज्या बाईबद्दल बोलणं चाललंय ती तिथे नसते, ती पुढच्या खोलीत बायांमध्ये बसलेली असते. मी म्हणतो ते बोलणं पुढच्या खोलीत आणा. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की एवढ्या दुःखात बाईला कागद कुठे कळतो, तिच्याकडून भलत्यावरच अंगठा घेतील. बरोबर, म्हणूनच वर्षभर हक्कसोड नको म्हणतोय, आणि नोंदीच्या अर्जात कुणी काही सोडत नाही, नुसतं कोण कोण उरलंय ते लिहायचं असतं. तिसरं कुणीतरी म्हणेल यामुळे भाऊबंदकी वाढेल. भाऊबंदकी आहेच, आता फक्त एकाच बाजूचा कागद आहे, दोन्ही बाजूंचा होऊ द्या.

एका सरपंचाशी बोललो तर ते म्हणाले ठराव करायला काय, करून टाकू, पण भाऊबंद ऐकायचे नाहीत. भाऊबंद ऐकणार नाहीत हे मलाही कळतं, म्हणून हे काम मी त्यांच्यावर टाकतच नाहीये. बाईच्या माहेरच्यांनी करावं, तिच्या भावाने, पोरांच्या मामाने. ते त्या दिवशी येतातच, पिशवीत टॉवेल-टोपी आणि साडी घेऊन येतात, त्यातच एक कोरा अर्ज पण आणावा. झेरॉक्स माझ्याकडे दोन रुपयाला आहे, आणि या कामासाठी असेल तर तेही देऊ नका.